निघालेली चिठ्ठी

पन्नाशीला टेकलेल्या माणसाला कुणी संभाव्यता शिकवायला जाऊ नये, असं माझं प्रामाणिक मत आहे. शिकवायचीच असेल तर निदान रविवारी सकाळी शिकवू नये. आमच्या कंपनीला यातलं काहीच मान्य नव्हतं.

मी सॉफ्टवेअर तपासायचं काम करतो. म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्राम चालवून बघायचा, कुठे अडतो ते सांगायचं आणि सांगितल्याबद्दल त्याचं तोंड वाकडं झालेलं बघायचं. वर्षानुवर्षं हेच केलं. मग एके दिवशी खराडीच्या ऑफिसात आम्हा जुन्या लोकांना एका काचेच्या खोलीत बसवलं आणि सांगितलं, की हाताने तपासण्याचे दिवस आता संपले. ज्यांना राहायचं आहे त्यांनी डेटाकडे वळावं, आणि त्याआधी संख्याशास्त्राचा प्राथमिक अभ्यासक्रम पुरा करावा. सांगणारा मुलगा फार गोड बोलत होता. सोबत समोसे होते. कंपनीत समोसे आले की काहीतरी जाणार हे एव्हाना आम्हाला कळत होतं.

वर्ग वाघोलीच्या एका कॉलेजात भरायचे. आम्ही वाघोलीतच राहतो, त्यामुळे नगर रस्त्यावर तास दीड तास घालवावा लागणार नव्हता, एवढंच काय ते सुख. वर्गात बाकी सगळी पंचविशीच्या आतबाहेरची पोरं. मला काका म्हणायचं की सर, यावर त्यांचं एकमत होईना. शेवटी त्यांनी काहीच म्हणायचं नाही असं ठरवलेलं दिसलं, आणि पंख्याखालची मागची जागा न बोलता माझ्यासाठी सोडून दिली. शिकवणारी मुलगी माझ्या भाचीच्या वयाची होती. हुशार, भरभर बोलणारी. "समजलं ना सर?" असं ती दर पाच मिनिटांनी विचारायची, आणि ते मलाच असायचं.

मी यवतमाळकडचा. दहावीपर्यंत मराठीतून शिकलो. मध्य, मध्यक, बहुलक ही मंडळी मला तेव्हा भेटली होती आणि दहावीनंतर आमचा संबंध राहिला नव्हता. आता तीच मीन, मीडियन, मोड अशी नावं लावून समोर आली. ओळख पटली तेव्हा जरा बरं वाटलं, गावाकडचं कुणी भेटावं तसं. पण पुढे संभाव्यता सुरू झाली आणि माझी गाडी रुतली ती रुतलीच. पुस्तकातली निम्मी गणितं पत्त्यांची. आमच्या वडिलांनी घरात पत्ता शिरू दिला नव्हता. एका कॅटात बदाम किती आणि राण्या किती, हे मला शेजारच्या बाकावरच्या पोराला विचारावं लागलं. त्याने उत्तर दिलं, पण आधी मी चेष्टा करतोय का ते बघून घेतलं.

उरलेली निम्मी गणितं पिशवीतल्या चेंडूंची. पिशवीत इतके लाल, इतके निळे. एक काढला. मग दुसरा काढला. दुसरा लाल असण्याची शक्यता किती. मी दर वेळी चुकायचो. पहिला चेंडू परत पिशवीत टाकलाय की बाहेर ठेवलाय, हे मला वाचून दिसायचंच नाही. "सर, आधी एवढंच बघा," ती मुलगी म्हणायची. "रिप्लेसमेंट आहे की नाही. गणित तिथेच सुटतं." तिचं सुटत असेल. माझं डोकं रविवारी सकाळी साडेअकरानंतर चालायचंच बंद व्हायचं. दमलो होतो मी. एका दिवसाचा थकवा नव्हता तो. वर्षानुवर्षं साठलेला होता, आणि आता त्याच्यावर गृहपाठ आला होता.

पुढे ती परीक्षा झाली, मी पास झालो आणि नोकरी राहिली. हे आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याने त्याची काळजी करत बसू नये. मला सांगायचंय ते आईचं.

वडील गेल्यावर आई आमच्याकडे पुण्याला आली ती इथेच राहिली. पुणं तिला कधी आवडलं नाही आणि तिने तसं कधी लपवलंही नाही. "इथं मानसं दार उघडतेत अन् आधी कोन पाहिजे म्हनतेत," ही तिची पहिल्याच आठवड्यातली तक्रार होती. माझ्या बायकोचं आणि तिचं छान होतं, कारण बायको पुण्याचीच असून फारसं बोलत नाही. आई दुपारी जेवणाच्या टेबलाशी भाजी निवडत बसायची आणि रविवारी मी तिच्यासमोर वही उघडून बसायचो.

"काय करून राह्यला बापा एवढं?" तिने एकदा विचारलं.

मी चिडलेलोच होतो. पिशवी, चेंडू, लाल, निळे, परत टाकायचा, नाही टाकायचा, सगळं तिला ऐकवलं. ती मेथीची पानं खुडत ऐकत होती. म्हणाली, "असं व्हय. हे तं भिशी हाय."

आमच्या गावी आई भांड्यांची भिशी चालवायची. गल्लीतल्या बायका मिळून दर महिन्याला एक भांडं घ्यायच्या. कधी परात, कधी कळशी, दिवाळीच्या महिन्यात पितळी घागर. सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या एका स्टीलच्या डब्यात. ज्या घरी भिशी त्या घरी पोहे आणि चहा. आई डबा कानाशी धरून हलवायची आणि एखाद्या लहान पोरीला हात घालायला लावायची. जिची चिठ्ठी निघेल तिला त्या महिन्याचं भांडं. निघालेली चिठ्ठी आई सगळ्यांसमोर फाडायची. ती पुन्हा डब्यात जायची नाही, म्हणून फिरून फिरून प्रत्येकीची पाळी यायचीच. शेवटच्या महिन्यात डब्यात एकच चिठ्ठी उरायची आणि ती कुणाची हे गल्लीतल्या कुत्र्यालाही ठाऊक असायचं. तरी आई डबा तसाच हलवायची, पोरीला हात घालायला लावायची आणि नाव मोठ्याने वाचायची. "तिले काऊन वाटू द्यायचं, की उरलं म्हनून भेटलं," असं तिचं म्हणणं होतं.

"निघाली ते निघाली," आई मेथीची जुडी उलटी करत म्हणाली. "परत टाकली तं एकाच बाईले दोनदा घागर जाईन. बाकीच्या मले सोडतीन काय?"

मी वहीकडे बघितलं. चेंडू नाहीत, बायका आहेत. पहिली बाई घागर घेऊन घरी गेली. आता डब्यात एक कमी. मी गणित केलं आणि मागे उत्तर बघितलं, तर बरोबर. पुढचं केलं, तेही बरोबर. मला हसू आलं. कितीतरी दिवसांनी अभ्यास करताना हसलो असेन. पुढच्या रविवारच्या चाचणीत त्या भागाला मला पैकीच्या पैकी मिळाले आणि शिकवणारी मुलगी म्हणाली, "अरे वा सर, क्लिक झालं शेवटी." मी घरी येऊन आईला सांगितलं. तिने ते खालच्या मजल्यावरच्या आजींना सांगितलं, लिफ्टमध्ये भेटलेल्या एका परक्या माणसाला सांगितलं, आणि फोनवर माझ्या मामाला सांगितलं, "माह्या भिशीनं पास झाला पोट्टा." मामाने ते पन्नास वर्षांच्या पोट्ट्याला फोन करून कळवलं.

तिला दम लागतोय हे आम्हाला लिफ्टमुळे कळलं. आमच्या सोसायटीची लिफ्ट वरचेवर बंद असते. सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर त्यासाठी एक कायमचा सुविचार असल्यासारखा संदेश फिरतो, की तंत्रज्ञ येत आहेत. त्या दिवशी आई देवळातून आली आणि दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात बसली ती उठेना. ओठ निळसर झाले होते. तपासण्या झाल्या. हृदयाची एक झडप निकामी झालेली. ती बदलायला हवी, तीही फार वाट न बघता, असं स्वारगेटच्या पलीकडच्या एका हॉस्पिटलातले डॉक्टर म्हणाले. डॉक्टर चांगले होते. तरुण, शांत, घड्याळाकडे न बघणारे. हे मुद्दाम लिहितोय, कारण पुढे जे झालं त्यात त्यांचा काही दोष नव्हता.

त्यांनी आईला समोर बसवून सांगितलं, की तुमच्या वयाच्या, तुमच्यासारखी तब्येत असलेल्या शंभर बायकांवर ही शस्त्रक्रिया केली तर इतक्या बऱ्या होऊन घरी जातात आणि इतक्या जात नाहीत. तो आकडा मी इथे लिहीत नाही. दुसऱ्या कुणाच्या आईसाठी तो वेगळा असेल, आणि लोक आकडा तेवढा उचलतात. चांगला होता, एवढं सांगतो. शस्त्रक्रिया केली नाही तर काय होईल तेही त्यांनी सांगितलं. ते चांगलं नव्हतं.

आईने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "हे शंभर कोन हायेत?"

डॉक्टर म्हणाले, "म्हणजे कुणीही, आजी. आतापर्यंत ज्यांच्यावर शस्त्रक्रिया झाल्या त्यांचा अंदाज."

"त्यातली मी कितवी?"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी टेबलावरच्या प्लास्टिकच्या हृदयाकडे बघितलं. "असा नंबर नसतो, आजी," ते म्हणाले. आईने मान हलवली, पण तिला ते पटलेलं नव्हतं. भिशी चालवलेल्या बाईला, नंबर नसतो हे पटणार कसं?

तिने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. "तपासन्या होऊ द्या. सहीचं मंग पाहू," म्हणाली. मला तिची शस्त्रक्रिया व्हायला हवी होती. सरळ सांगतो, मला आई हवी होती. दमलेल्या माणसाला घरी कुणीतरी काय करून राह्यला विचारणारं लागतं. पण ओढून नेऊन सही करून घ्यायची नाही, हेही मी ठरवलं होतं. त्या बाईने उभ्या आयुष्यात स्वतःच्या सहीने फार थोड्या गोष्टी केल्या होत्या.

तिला तपासणीसाठी दाखल केलं. वॉर्डात काही खाटा होत्या. आईच्या शेजारच्या खाटेवर सासवडकडच्या एक बाई होत्या, आईहून थोड्या लहान, त्याच आजाराच्या, तीच शस्त्रक्रिया होणार असलेल्या. दोघींचं पहिल्या तासात जमलं. आई त्यांची भाषा ऐकून हसायची आणि त्या आईची ऐकून. त्या बाईंची सून रोज डबा घेऊन यायची आणि दोघींना वाढायची. मीठ नसलेल्या भाजीला नावं ठेवणं हा दोघींचा मोठाच आनंद होता. समोरच्या खाटेवर वाघोलीच्याच पलीकडच्या एका गावचं कुटुंब होतं. गाव आता महापालिकेत आलेलं, शेतावर इमारती झालेल्या, पण माणसं तशीच शेतकरी. तिथे बाई आजारी आणि नवरा सोबतीला. तेही झडपेचंच. तो माणूस सगळ्या वॉर्डाला खालून गरम पाणी आणून द्यायचा. स्वस्थ बसवत नव्हतं त्याला.

माझा दिवस असा व्हायचा. सकाळी खराडी, दुपारनंतर सुट्टी टाकून बस, स्वारगेटला उतरून पुढे चालत हॉस्पिटल, मग रिक्षाने परत वाघोली. बसमध्ये मी अभ्यासाची वही उघडायचो. त्या आठवड्यात वर्गात स्वतंत्र घटना शिकवल्या होत्या. नाणं दहादा उडवून दहाही वेळा छापा पडला तरी अकराव्यांदा काटा पडायची शक्यता तेवढीच राहते. नाण्याला आधीचं काही आठवत नाही. शिकवणारी मुलगी म्हणाली होती, की माणसं इथे हमखास चुकतात, त्यांना वाटतं आता तरी काटा पडायलाच हवा. मी मान डोलावली होती. उत्तरही बरोबर लिहिलं होतं.

सासवडच्या बाईंची शस्त्रक्रिया झाली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्या गेल्या. मी पोचलो तेव्हा त्यांची सून खाटेखालची पिशवी काढत होती. थर्मास, चपला, एक शाल. खाटेवरची चादर आधीच गेली होती. मी काहीतरी पुटपुटलो, तिने मान हलवली आणि ती निघाली. तिच्या पाठीकडे बघताना माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? एक होऊन गेलं, म्हणजे आता आपलं नीट होईल. मला पैकीच्या पैकी मिळाले होते त्या विषयात.

मामाचा फोन आला, तोही तेच बोलला. बायकोचा आला, ती सरळ तसं बोलली नाही, पण "आता ते जास्त काळजी घेतील ना," म्हणाली. मी सगळ्यांना हो म्हणत होतो.

आई खाटेवर पाय सोडून बसली होती. जेवणाचं ताट झाकलेलं तसंच होतं. सकाळचा चहाही घेतला नव्हता, असं समोरच्या माणसाने मला हळूच सांगितलं. त्या संध्याकाळी डॉक्टर सही घ्यायला येणार होते. मी स्टूल ओढून बसलो. ती शेजारच्या रिकाम्या खाटेकडे बघत होती. मग म्हणाली, "तिची निघाली."

मी म्हणालो, "आई, तू आधी दोन घास खाऊन घे."

"तिची निघाली. म्हनजे डब्यातून ते चिठ्ठी गेली. आता माह्यासाठी एक कमी. असंच ना?"

माझ्या समोर सगळं स्पष्ट होतं. हो म्हटलं की ती सही करेल. समाधानाने आत जाईल. तिचा हिशोब तिच्या भिशीचा होता, आणि त्याच हिशोबाची मी टेबलाशी बसून वाहवा केली होती. एक हो म्हणायचं होतं. दुपारपासून फोनवर तेच म्हणत होतो.

आई माझ्याकडे बघत होती. "मले बरं वाटावं म्हनून काही सांगू नको. तुह्या बाईनं शिकवलं ते सांग."

मग मला खोटं बोलता येईना. मी म्हणालो, "नाही आई. ही भिशी नाही. इथे निघालेली चिठ्ठी परत डब्यात टाकतात. प्रत्येक बाईसाठी डबा पुन्हा पहिल्यासारखा भरतात. त्यांचं जे झालं ते त्यांच्या डब्यातलं. तुझ्या डब्यात जेवढ्या चिठ्ठ्या आधी होत्या तेवढ्याच आत्ता आहेत. एकही कमी नाही, एकही जास्त नाही."

बोललो आणि मला वाटलं, संपलं. आता ही म्हणणार चल घरी. मी तिच्या चपला कुठे आहेत तेही बघून ठेवलं.

आईने पदराने तोंड पुसलं. विचारलं, "म्हनजे ते माह्या वाटची गेली नाई?"

मला आधी कळलंच नाही. "कोण?"

"ते. सकाळपासून मले तेच लागून राह्यलं. दोघी एकाच डब्यात होतो, अन् तिची निघाली म्हनून मी वाचली. तिची सून पिशवी घेऊन गेली नं, जाताना माह्याकडं पाहून गेली. मले वाटलं, तिले वाटत असन, या बाईचं मरन माह्या सासूनं घेतलं."

"नाही आई. तसं नसतं. तुझ्या वाटचं त्यांनी काही घेतलं नाही."

"नक्की शिकवलं ना असं?"

"नक्की शिकवलंय."

"मंग ठीक हाय," ती म्हणाली, आणि तिने ताटावरचं झाकण काढलं. भाजी गार झाली होती. मीठ नव्हतंच. तिने तिला नावं ठेवत ठेवत सगळं संपवलं, शेवटी ताकही प्यायली. संध्याकाळी डॉक्टर आले तेव्हा तिने स्वतः पेन मागून घेतलं आणि सावकाश, पूर्ण नाव लिहून सही केली. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. तिचंही उतरलेलं दिसत होतं. मी खाली जाऊन कॅन्टीनमध्ये वडापाव खाल्ला आणि मला तो फार चांगला लागला.

शस्त्रक्रिया ठरल्याप्रमाणे झाली. आत जाताना आईने समोरच्या बाईला हात केला आणि मला म्हणाली, "तुह्या परीक्षेचं पाहाय." शस्त्रक्रियेनंतर ती शुद्धीवर आली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर बाहेर आले, माझ्याशेजारी बाकावर बसले आणि त्यांनी सांगितलं. नेमकं काय झालं तेही समजावलं. मी सगळं ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला, की तिला दुखलं का. ते नाही म्हणाले. एका आठवड्यात त्या वॉर्डातल्या दोन बायका. असं होऊ शकतं. वहीत मी स्वतःच्या हाताने सोडवलेलं होतं, असं होऊ शकतं म्हणून. त्याचा मला काडीचा उपयोग झाला नाही.

बायको घरून निघाली होती आणि नगर रस्त्यावर अडकली होती. मी एकटाच बाकावर बसलो होतो. समोरच्या खाटेवरच्या बाईंचा नवरा आला. पाण्याची बाटली माझ्या हातात दिली, शेजारी बसला. माझा हात हातात घेतला. माणूस रडत होता. माझ्या डोळ्यांत अजून पाणी आलं नव्हतं. थोड्या वेळाने तो म्हणाला, "लई गुणाची व्हती माउली." मग पुन्हा, माझ्याकडे न बघता, "तुमी शिकल्याली मान्सं हाय म्हणून इचारतो. राग नका धरू. दोन झाल्या आता. परवा आमच्या मंडळींचं हाय. आता तर नीट व्हईल न्हवं?"

मला राग आला नाही. त्याच जागी मीही बसून आलो होतो. आणि मी दमलो होतो. आईने मला खरं सांगायला भाग पाडलं होतं, याने पाडलं नव्हतं. त्याला हो हवं होतं. मी म्हणालो, "हो. होईल नीट." त्याने माझा हात दोन्ही हातांत दाबला.

मग आईचं सामान घ्यायला मी वॉर्डात गेलो. तिच्या खाटेवरची चादर काढली होती. खाली पिशवी, चपला, थर्मास. मी वाकून एकेक वस्तू गोळा करत होतो आणि मला जाणवलं, की समोरची बाई माझ्याकडे बघत नाहीये. मुद्दाम बघत नाहीये. डोक्यावरचा पदर पुढे ओढून भिंतीकडे तोंड करून बसली होती. आदल्या दिवसापर्यंत मला चहा झाला का विचारणारी बाई. तिच्या ताटावर झाकण होतं. चहाचा कपही भरलेला, वर साय धरलेली.

मला आईचं बोलणं आठवलं, आणि तेव्हा कुठे मला रडू आलं. पिशवी हातात घेऊन मी तिच्या खाटेशी गेलो. म्हणालो, "ताई, जेवून घ्या. आमची आई तुमच्या वाटची गेली नाही. तिचं ते तिचं होतं. मी शिकलोय हे, नक्की माहीत आहे मला. तिलाही सांगितलं होतं, तिला पटलं होतं."

ती वळली. तिने माझ्याकडे बघितलं आणि पदराखाली दोन्ही हात तोंडावर घेतले. मी तिचं ताट तिच्याजवळ सरकवून दिलं, झाकण काढून बाजूला ठेवलं आणि थर्मास घेऊन खाली आलो.